मुकं प्रवाळ

इंजिनाच्या तेलानं प्रवाळ मरतं असं वाचलं होतं, म्हणून बेटावर जायला आम्ही मुद्दाम शिडाची होडी घेतली. उन्हापासून बचावाच्या क्रीमनंही प्रवाळ मरतं, म्हणून नावाडी दाजीकाकांनी मला हातावरचं क्रीमही पुसायला लावलं. बेटाजवळ पोहोचल्यावर पाण्याखाली बघायचा काचेचा मुखवटा चढवून मी पाण्यात उतरले आणि डोकं बुडवलं. खाली सगळं प्रवाळ मेल्यासारखं पांढरंफटक होतं. एकही मासा नव्हता आणि कसलाच आवाज नव्हता.

वर येऊन मी विचारलं, "काका, इथं इतकं शांत कसं?"

"पूर्वी लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू यायची. जिवंत प्रवाळ गप्प नसतं, ताई."

आपण जपायला निघालो ते आधीच संपलं असेल तर? मी पुन्हा डोकं बुडवलं आणि श्वास रोखला. फार खालून एकदाच बारीक तड् झालं. म्हणजे खाली अजून काहीतरी जिवंत होतं. डोकं वर काढून होडीची कड धरल्यावरही कितीतरी वेळ मला पाय हलवायचा धीर झाला नाही.