पार्वतीच्या मेंदूची डावी बाजू

"डावी बाजू, सर. खात्रीने," असं मी डॉक्टरांना फोनवर सांगून मोकळा झालो. अर्ध्या तासात तोच फोन मला पुन्हा लावावा लागला.

मालवणच्या एका छोट्या सेंटरमध्ये मी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचं रेकॉर्डिंग काढतो आणि तपासतो. पेशंट होती शिरोड्याची पार्वती. मासे विकणारी, फिटांनी हैराण झालेली. औषधं लागू पडत नव्हती. ऑपरेशन मेंदूच्या कुठल्या बाजूचं करायचं, यावर बाकीच्या तपासण्यांचं जुळत नव्हतं. म्हणून गोव्याच्या डॉक्टरांनी मला कपलिंग मोजायला सांगितलं.

मेंदूत संथ लाटा असतात, जलदही असतात. संथ लाटेच्या ठरावीक टप्प्यावर दर वेळी जलद लाट जोर धरत असेल, तर दोघींचं कपलिंग आहे असं आम्ही म्हणतो. फिट जिथून सुरू होते तिथे ते कधीकधी वाढलेलं दिसतं. पार्वतीचं डावीकडे भरपूर होतं. हा योगायोग नाही ना, हे बघायला एक लाट मुद्दाम पुढेमागे सरकवून पुन्हा मोजतात. जोडी खरी असेल तर ती अशाने मोडते. मोडली. मी खूश.

डॉक्टर चार वाजता नातेवाइकांना ऑपरेशनची तारीख देणार होते. डावीकडे वाचेचा भाग जवळ असतो, हा धोका पार्वतीच्या नवऱ्याला ठाऊक होता. त्याने मला सकाळी एकच विचारलं होतं, "तिची वाचा जायत काय?"

साडेतीनला चहासाठी बाहेर आलो. पार्वती बाकावर बसली होती. डावा गाल फुगलेला, जबडा सावकाश एका लयीत चाललेला. मी जागीच थांबलो. चघळताना कानशिलावरचा स्नायू आवळतो, नेमका आम्ही डोक्याला चिकटवतो त्या इलेक्ट्रोडखाली. इलेक्ट्रोड हलला की संथ लाट उमटते, स्नायू आवळला की जलद. जोडी खरीच, पण जबड्याची.

"बाय, ही सुपारी सकाळी मशिनीवर असतानाय तोंडात होती?"

"होती मगे. तुमी गप पडान रव म्हणान सांगलात, मी रवलंय. थुक म्हणान कोणी सांगूक नाय."

खरंच होतं. तोंडात काही आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. इथे सुपारीला कोणी खाणं धरत नाही, हे इथलाच असून मी विसरलो.

डॉक्टरांना फोन लावला.

"तारीख देऊ नका, सर. माझं चुकलं."

"मघाशी खात्री होती ना तुमची?"

"होती. पेशंटकडे बघितलं नव्हतं."

त्यांनी तारीख थांबवली. मग म्हणाले, पुन्हा काढा.

तोंड धुवायला लावून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. डावीकडचं कपलिंग गायब. मला हायसं वाटलं आणि स्वतःची भयंकर लाजही वाटली. पुढच्या तपासण्यांत फिटांचं मूळ उजवीकडे निघालं आणि ऑपरेशन तिथेच झालं.

आता मी आकडे उघडण्याआधी पेशंटसमोर पाच मिनिटं नुसता बसतो. सेंटरमधले हसतात.

काही महिन्यांनी शिरोड्याच्या बाजारात गेलो होतो. पार्वती एका गिऱ्हाइकाला फडाफडा बोलत होती, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. मी तिथेच उभा राहून सगळं ऐकून घेतलं.