कारण लेखी मागणाऱ्या शमीमबाई

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी मेसेज आला की मी तो उघडतच नाही. पाणी उशिरा येणार, नाहीतर कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. त्या दिवशी माझ्या बायकोने, सुनंदाने, स्वयंपाकघरातून येऊन माझ्या हातातला पेपर खाली केला आणि म्हणाली, "अहो, बाई गेल्या." कोण बाई, असं विचारावं लागलं नाही. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये बाई एकच, तीनशे दोनमधल्या शमीमबाई देशमुख. आयुष्यभर कल्याणच्या शाळेत गणित शिकवलेल्या. आदल्याच दिवशी जिन्यात भेटलेल्या. "जोशी, गुडघा तुमचा दुखतो आणि कण्हणं सगळ्या बिल्डिंगला ऐकवता," म्हणत माझी खेचून वर गेलेल्या. पहाटे छातीत दुखलं आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं सगळं... कल्याणच्या कब्रस्तानात मीही गेलेलो.

पाच आठवडे झाले. बाईंवर चार शब्द लिहावेत म्हणून बसतो आणि पहिल्या शब्दालाच अडतो. कारण या बाईंना बिल्डिंगमध्ये येऊ न देणाऱ्यांत मी होतो. नुसता होतो असं नाही, नकाराचं पत्र माझ्या अक्षरात आहे. ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं कौतुक करायचा मला हक्क नाही.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून नुकताच रिटायर झालो होतो आणि रिकामा माणूस म्हणून लोकांनी मला सेक्रेटरी करून टाकलं होतं. तीनशे दोनवाले मुलाकडे पुण्याला निघालेले, घर विकायला काढलेलं. एका गुरुवारी एजंटचा फोन आला. "काका, देशमुख म्हणून पार्टी आहे. मॅडम टीचर, मिस्टर नाहीत, मुलगी बँकेत. चालेल ना?" आता देशमुख म्हटल्यावर विचारायचं काय? मी वर शहाणपणा करून त्याला मेसेजही पाठवला : देशमुख मॅडमचं स्वागत आहे, सोसायटीची काही हरकत नाही.

आमच्याकडे तेव्हा एक पद्धत होती. घर घेणाऱ्याने रविवारी कमिटीला येऊन भेटायचं. चहा असायचा, बिस्किटं असायची, गाव कुठलं, घरी कोण कोण, सणवार काय काय, अशा गप्पा असायच्या. गप्पा कसल्या, परीक्षाच ती. बाई आल्या, मुलगी रुबिना बरोबर. चेअरमननी फॉर्म हातात घेतला, पूर्ण नाव वाचलं आणि फॉर्म टेबलावर उलटा करून ठेवला. कल्याणच्या खाडीकाठी पिढ्यानपिढ्या राहिलेलं कोकणी मुसलमानांचं घर, आणि देशमुख हे आडनाव त्यांचंही तितकंच जुनं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग सुरू झालं. पाण्याचा प्रश्न आहे. लिफ्टवर लोड येतो. आमच्याकडे सगळे एका वळणाचे आहेत, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. चेअरमन तर इतक्या मायेने बोलत होते की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस बाईंच्या भल्यासाठीच जीव टाकतोय. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. भाड्याच्या घराची इमारत पाडायला निघाली होती, दोन महिन्यांत बाहेर पडायचं होतं, हे त्यांनी एकदाच सांगितलं, गयावया न करता. नंतर म्हणाल्या, "म्हणजे नाही म्हणताय. ठीक आहे. लेखी द्या, कारणासकट."

"लेखी कशाला, बाई? आपण समजूतदार माणसं आहोत," चेअरमन म्हणाले.

"समजूतदार आहे म्हणूनच लेखी मागते."

लेखी म्हणजे कोणाचं काम? सेक्रेटरीचं. कमिटी चहा पिऊन घरोघर गेली आणि दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. पाणी लिहावं तर पाण्याची आमच्याकडे कधी ओरड नव्हती. जागा दुसऱ्याला दिली लिहावं तर दुसरा कोण? सभेचा निर्णय लिहावा तर सभा कधी भरली? कारखान्यात मी वर्षानुवर्षं रिपोर्ट लिहिले, मशीन का बंद पडलं ते तीन ओळींत सांगायचो. इथे एक ओळ जमेना. सुनंदा भांडी पुसत बघत होती. म्हणाली, "किती कागद फाडणार? खोलीत जे बोललात ते लिहा की."

"ते कसं लिहिणार?"

"मग ते बोललात कसं?"

यावर मला राग आला, आणि राग आला म्हणजे ती बरोबर होती. तरी मी लिहायचं ते लिहिलंच. 'इतर सभासदांच्या भावना लक्षात घेऊन सदस्यत्व देता येत नाही.' भावना हा शब्द बरा असतो, त्याच्याखाली काहीही झाकता येतं. खाली सही ठोकली आणि पत्र देऊन टाकलं. वाटलं, आता बाई हळहळतील आणि दुसरीकडे बघतील. आमच्याआधी पुष्कळांनी नाही म्हटलं असणार, त्यात आमचं एक.

बाईंनी दुसरीकडे बघितलं नाही. वकील केला नाही, पेपरात गेल्या नाहीत. धर्मावरून, जातीवरून सोसायटीला कोणाला सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते, हे त्यांनी नियमांचं पुस्तक आणून वाचून काढलं आणि स्वतःच अर्ज लिहिला. दोनच कागद जोडले. एजंटकडून मिळवलेला माझा गुरुवारचा मेसेज आणि माझंच रविवारचं पत्र. गणिताच्या बाई त्या, जास्तीचं काही मांडलं नाही.

सुनावणीला चेअरमन आणि मी गेलो. जाताना ते मला शिकवत होते, पार्किंगचं सांगा, पार्किंगचं. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "गुरुवारी स्वागत, रविवारी हरकत. मधे काय झालं?" चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरी सांगतील." बाई समोर बसलेल्या, नजर टेबलावर. घर सोडायला पंधराच दिवस राहिले होते त्यांना. मी पार्किंग म्हणायला तोंड उघडलं, खरंच सांगतो, तेच म्हणणार होतो... पण पुढे शब्द आला तो वेगळाच. मी म्हणालो, "गुरुवारी आम्हाला फक्त आडनाव माहीत होतं. रविवारी नाव कळलं."

निकाल बाईंच्या बाजूने लागला. चेअरमन वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, ती शांतता मला मानवली. बाई राहायला आल्या त्या दिवशी मी पेढे घेऊन वर गेलो. त्यांनी दारातच पेढे घेतले आणि विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, शेअर सर्टिफिकेट कधी देताय?"

बाई गोड वगैरे नव्हत्या. सभेचं इतिवृत्त लाल पेनाने तपासून परत पाठवायच्या. वार्षिक सभेत उभं राहून त्यांनी रविवारची ती भेट बंद करायला लावली. म्हणाल्या, "येणाऱ्याची परीक्षा घ्यायची असेल तर हाच पेपर आधी तुम्ही सोडवा, मी तपासते." चेअरमनसकट सगळ्यांनी हात वर केले. हळूहळू आमचं जाणंयेणं सुरू झालं, म्हणजे सुनंदाचं आणि त्यांचं, मी आपला मागून. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, त्या पत्राबद्दल माफी मागायची राहून गेली." त्या म्हणाल्या, "माफीचं बघू नंतर. आधी एक फोन लावा."

फोन होता वैशाली कांबळेसाठी. बाईंची जुनी विद्यार्थिनी, नर्स, दिवा स्टेशनजवळ राहणारी. ठाण्यात हॉस्पिटलजवळ भाड्याने घर बघत होती. घरमालक तयार, पण आडनाव कळल्यावर एजंट म्हणाला, सोसायटी नाही म्हणते, जागा गेली समजा. बाईंनी मला त्याच एजंटचा नंबर दिला, फोन स्पीकरवर ठेवला आणि म्हणाल्या, "जोशी, तुमच्या आडनावाला जरा कामाला लावू." मी नाव सांगून जागा विचारली. पलीकडून उत्तर आलं, "आहे ना काका, आजच बघून जा. सोसायटीचं टेन्शन घेऊ नका, तुमचं नाव ऐकूनच हो म्हणतील." वैशाली शेजारी बसून ऐकत होती. मला मान वर करवेना. बाईंनी मात्र तारीख, वेळ, शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्या सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. नकार लेखी द्या म्हटल्यावर नकारच राहिला नाही. लिहायला कोणी तयार होईना.

त्यानंतर माझं आडनाव पुष्कळ राबलं. टिटवाळ्याला एकटी राहू पाहणारी मुलगी, कुठे मिश्र लग्नाचं जोडपं... बाई प्रत्येकाला तेच सांगायच्या. नाही म्हणाले की मान खाली घालून घरी जायचं नाही. कोण बोललं, कुठल्या शब्दांत बोललं, त्याच दिवशी लिहायचं. मेसेज पुसायचा नाही. कारण लेखी मागायचं. सगळीकडे यश आलं असं अजिबात नाही. घरमालकच नको म्हणाला की बाईंचंही फारसं चालायचं नाही. मग दोन दिवस त्या कोणाशी धड बोलायच्या नाहीत आणि सुनंदाने पाठवलेला डबा तसाच परत यायचा. अशी जिगर मी आमच्या कारखान्यातल्या युनियनवाल्यांतही पाहिली नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं. त्या नुसत्या हसल्या होत्या.

मागच्या रविवारी रुबिनाने आम्हाला वर बोलावलं. मी दारातच उभ्या उभ्या सुरू झालो, तुझी आई म्हणजे वाघीण, भीती कशाशी खातात तिला माहीत नव्हतं, वगैरे. रुबिनाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुमच्याआधी किती सोसायट्यांनी नाही म्हटलं. अम्मी प्रत्येक ठिकाणी थँक यू म्हणून परत यायची. लेखी मागितलं ते पहिल्यांदा तुमच्याकडे. तुमच्या गेटबाहेर पडल्यावर तिला रस्त्याच्या कडेला उलटी झाली. रिक्षात माझा हात सोडला नाही तिने. सुनावणीच्या आदल्या दिवशी जेवली नव्हती. म्हणत होती, हे लोक मला तिथे जगू देतील का गं?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार. मी इतकी वर्षं बाईंच्या धाडसाचं कौतुक करत फिरलो, आणि त्या ज्याला घाबरल्या होत्या तो माणूस मी होतो. समोर बाईंची ती खोली, स्वच्छ, खिडकी उघडी, भिंतीला लागून दिवाण. गेली कित्येक वर्षं मी तिथे हक्काने जाऊन टेकायचो.

त्या दिवशी मी रुबिनाला विचारलं, "बसू का?"