नऊ नंबरचा पाय

२०२३ सालचा उन्हाळा. जून सरत आलेला, दसहरी आंबा ऐन भरात, आणि पावसाचा पत्ता नाही. त्या दिवशी मी चारचौघांत जी माती खाल्ली ती ऐका. एकदाच सांगेन. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, मध्ये हसलेलं मला खपत नाही.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. गाव कराडकडचं, शिक्षण चौथी, नोकरी सगळी लखनौत. नट सैल बसला तर आधी बोल्ट झिजलाय का बघा, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

अंग माझं भारी. गुडघे आणि घोटे कायम सुजलेले. दोन्ही पायांना क्रेपच्या पट्ट्या गुंडाळल्याशिवाय मी वर्षानुवर्षं घराबाहेर पडलो नाही. सवयच ती! धोतरासारखी.

आमचे शेजारी सबनीस. जानकीपुरमला भिंतीला भिंत लागून घर. औषधांच्या संशोधनात जन्म गेलेला माणूस, अंगाने काडी. त्यांनीच माझ्या मागे लागून वजनाचं ऑपरेशन करवलं.

"मोरे, चरबी म्हणजे नुसतं ओझं नव्हे हो," ते म्हणायचे. "ती रक्तात सारखी चिथावणी सोडते. शरीराला वाटतं, कुठे जखम झाली. मग ते लढत बसतं. मंद आच लागलेली असते आत, म्हणून सांधे सुजतात. जठर लहान केलं, चरबी उतरली, की आच विझत जाते."

"आणि नाही विझली तर?"

"तर मला शिव्या द्या."

होळीनंतर ऑपरेशन झालं. वजन सुरुवातीला उतरलं, मग काटा अडला तो अडलाच. पायजम्याला तर काही कळत नाही, नाडी ओढली की झालं. मी जाहीर करून टाकलं, ऑपरेशन फुकट गेलं. सबनिसांना शिव्या देणं सुरू केलं. परवानगी होतीच!

अशात आमच्या मराठी मंडळींची सहल निघाली, मलिहाबादला, आंब्याच्या बागेत. झाडाखाली सतरंज्या. जोडे काठाला काढायचे. बादल्यांतल्या थंड पाण्यात आंबे. लोक असे तुटून पडले, की साली उडत होत्या.

आणि मला? एक फोड. ती गिळून मी बसलो. लोकांच्या कोपरांवरून रस ओघळतोय आणि मी सालींकडे बघतोय. बसवेना. उठलो, बसलो, पुन्हा उठलो. ऊन अंगावर चढत होतं, पट्ट्यांखाली पाय उकडत होते. शेवटी वैतागून पट्ट्या सोडल्या, गुंडाळून सदऱ्याच्या खिशात कोंबल्या. म्हटलं, जरा बागेत फिरून येऊ.

जोड्यात पाय घातला. पाय आत पोहायला लागला!

शेजारीच दुसरा जोडा होता. तसाच काळा. दिवाळीत मी आणि सबनिसांनी अमीनाबादेत एकाच दुकानातून एकसारखे जोडे घेतले होते. माझा नऊ नंबर, त्यांचा आठ. आतले आकडे केव्हाच पुसलेले. मी दुसऱ्यात पाय घातला. कसा बसला! चपखल. बाकी काय पाहिजे? हाच माझा. सैल तो त्यांचा.

मी चार पावलं गेलो नाही तोच मागून हाक.

"मोरे, अहो मोरे! माझे जोडे!"

"तुमचे तिकडे आहेत."

सबनिसांनी सैल जोडे घालून बघितले. "अहो, ही होडी आहे. यात मी नदी पार करीन. तुमच्या पायात आहेत ते माझे."

"माझा पाय नऊ नंबर. हे मला बसतात. म्हणजे हे नऊ नंबर. यात चूक दाखवा."

चूक त्यांना दाखवता येईना. एवढा शिकलेला माणूस! मला जोर चढला.

"टाचेखाली बघा," ते म्हणाले. "मी रबराची गादी घातलीय आत."

काढून बघितलं. गादी होती. आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता की नाही? मी म्हणालो, "ही तुम्ही आत्ता घातली असेल!"

"आत्ता? आंबा खाता खाता?"

"चोराला काय अशक्य आहे!"

शब्द तोंडातून गेला. हातातले आंबे हातात राहिले. सबनिसांचा चेहरा पडला. पंचवीस वर्षांची भिंतीला भिंत, आणि मी त्यांना चोर म्हणालो, तेही जोडेचोर. बागवाले चाचा बादली घेऊन आले होते, ते म्हणाले, "साहब, बाग से आम चोरी होते हैं। जूते पहली बार सुने।"

नात माझी, रिया, कॉलेजात शिकते. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. "आबा, प्लीज़! सब देख रहे हैं।"

बघू देत! मी छाती काढली. "हे जोडे माझे नसले, तर सबनिसांचे जोडे डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत जाईन. मोरेचा शब्द आहे."

सबनीस जवळ आले. माझ्या पायांकडे बघत राहिले. मग सुमनला, म्हणजे आमच्या मंडळींना, हळूच म्हणाले, "वहिनी, यांच्या पट्ट्या कुठेत?"

सुमन वाकली. माझा पायजमा वर उचलला. आणि एवढ्या लोकांत ओरडली, "अगं बाई! घोटा!"

"काय झालं घोट्याला?"

"दिसतोय! अहो, तुमचा घोटा दिसतोय! मी विसरूनच गेले होते कसा असतो ते!"

बायका उठून बघायला आल्या. माझा घोटा बघायला! मीही बघितला. हाड स्वच्छ वर आलेलं. दाबलं, दुखेना. सूज गेली होती, केव्हा गेली देव जाणे. पट्टीआड मी तिला जपून ठेवलं होतं.

सुमनने माझ्या खिशातून पट्ट्या ओढून काढल्या, हातभर लांब लोंबत. "या गुंडाळून घाला सैल जोडे. बघू बसतात का."

गुंडाळल्या. घातले. गच्च बसले.

 रिया बोलली, "आबा, नट ढीला हो तो पहले क्या चेक करते हैं?"

कार्टी! घरात सगळं ऐकत असते.

"आच विझायला लागलीय, मोरे," सबनीस म्हणाले. "काट्याला ती दिसत नाही. जाऊ द्या ते शब्दाचं. बसा, एक फोड खा."

"शब्द दिलाय."

पट्ट्या सोडून चाचांच्या बादलीत टाकल्या. सबनिसांचे जोडे उचलले, डोक्यावर ठेवले. पायांत माझे. निघालो. मागे सगळी मराठी मंडळी, पुढे चाचा वाट दाखवत, जणू नवरदेवच निघालाय. डोक्यावरचे जोडे जागचे हलले नाहीत. पायांतले मात्र वाटेत दोनदा निसटले, आणि दोन्ही वेळा सबनिसांनीच ते उचलून माझ्यापुढे सरकवले.

फाटक आलं. डोक्यावरचे उतरवले, सबनिसांच्या अनवाणी पायांपुढे ठेवले.

फिटलं.