मठातली दुसरी बाई

तरुणपणी मी सतराव्या शतकातल्या एका स्पॅनिश संन्यासिनीला संधिवात जडवला. तिला तो कधीच नव्हता. तो माझ्या डोक्यात होता आणि तिथून प्रबंधात उतरला, चांगली चाळीस पानं.

या बाईने मठात बसून, गुरूच्या आज्ञेवरून, आपलं आयुष्य लिहिलं होतं. माद्रिदला शिष्यवृत्तीवर असताना मला ते हस्तलिखित सापडलं. सापडलं म्हणजे ग्रंथालयाच्या यादीत होतंच, पण मी जमीन खणून काढल्यासारखं सांगत फिरायचे. पानांचे फोटो घेऊन परतले, लग्न झालं, रोह्याला आले. नवरा पहिल्या शिफ्टला कंपनीत गेला की खोलीत मी, भिंग आणि ती. निम्म्या वहीनंतर तिचं अक्षर बदलत होतं. गोल वळणं जाऊन टोकदार झालं होतं, उजवीकडे कललेलं. बोटं आखडली असणार, असं मी ठरवून टाकलं. मग वेदनेने वाक्यं कशी तुटतात यावर इतकं रसाळ लिहिलं की भर दुपारी माझीच बोटं दुखू लागली. पाठीशी उभं राहून कुणीतरी वाचतंय असं वाटायचं. वळून बघावं तर दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. त्या भीतीचाही मला गर्वच होता. मोठ्या संशोधकांना असं होतं म्हणे. कोण म्हणे, तर मीच.

प्रबंधाचं पुस्तक होणार होतं. शेवटची प्रुफं तपासून झाली त्या आठवड्यात मी पेणजवळ जोह्याला आत्याकडे गेले. प्रुफं आणि फोटो पिशवीत घेतले होते, मिरवायला. गणपती जवळ आले होते आणि आत्या तिच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे काढत होती. अंग रंगवायला चार माणसं असली तरी डोळे एकाच हाताचे, अशी तिथली रीत. आत्याला स्पॅनिश सोडा, मराठीही जेमतेम वाचता यायचं. तिने हात पुसले, दोन फोटो शेजारी शेजारी धरले.

"ही दुसरी बाई हाय गो."

मी वर्गात शिकवते त्या आवाजात तिला संधिवात समजावला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, दुखरा हात अडखळतो, रेघ कापते. ही रेघ सपासप गेलेली आहे. अक्षर बदलतं त्या पानावर तिने बोट ठेवलं. पहिल्या चार ओळी नवीने जुनीसारख्या काढायला बघितल्या होत्या, पाचवीपासून हात आपल्या वळणावर गेला होता. आधी डोळे काढणारी सासू गेल्यावर आत्याचंही तसंच झालं होतं. दहा-बारा मूर्तींना सासूचे डोळे, मग आपले.

मी विचारलं, "मग पहिली कुठं गेली?"

"मेली असंल."

गोल अक्षरातलं शेवटचं वाक्य अर्धंच होतं. त्या अर्ध्या वाक्यावर मी चार पानं लिहिली होती. ती वेदना नव्हती, मरण होतं. आणि दुसरीने तिच्या जागी बसून ते वाक्य पुरं केलं होतं आणि पुढे ती शेवटच्या पानापर्यंत "मी, मी" लिहीत राहिली होती. या दुसरीचा उल्लेख कुठेच नव्हता. तो करणं माझ्याच हातात होतं.

त्यासाठी चाळीस पानं काढावी लागली असती, पुस्तक वर्षभर लांबलं असतं. माझी नोकरी पक्की झालेली होती, कुणी मागे लागलं नव्हतं. तरी परतताना पेणला उतरून मी प्रुफं होती तशी पोस्टात टाकली.

पुस्तकाचं कौतुक झालं, वेदनेच्या प्रकरणाचं विशेष. पुढे कितीतरी वर्षांनी मी एका नियतकालिकात चूक कबूल केली, दीड पानात. तोवर दुपारी पाठीशी कोण उभं राहतं हे मला ठाऊक झालं होतं. वळून बघायचं मी सोडून दिलं. अजूनही बघत नाही.

पुस्तक आलं तेव्हा मात्र मी ते लगेच आत्याला दाखवायला नेलं होतं, कोडगी ती कोडगीच. तिने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, त्या दुसरीचं घातलंस ना? मी राहून गेलं असं काहीसं पुटपुटले. तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"गिऱ्हाईक अजून माझ्या सासूचे डोळे म्हणूनच मूर्ती नेतंय. मी गप बसते, मला कारखाना चालवायचा हाय. तुला काय झालं होतं गो?"