मालिनीवहिनींची शेगडी

आमच्या अंबरनाथच्या कॉलनीत कुणाला दिवस गेले, की सासूच्या आधी मालिनीवहिनींना कळायचं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी या दारात हजर. पदर खोचलेला, हातात तेलाची वाटी. साडीचोळी घ्यायच्या नाहीत, चहा मात्र कडक लागायचा. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली आणि महिना-सव्वा महिना माझ्यावर अशी हुकमत गाजवली, की सासूबाईसुद्धा माझी बाजू घ्यायला लागल्या.

त्यांचा सगळा भर शेकावर. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकलेला, दार बंद, खिडकी बंद. "वारा लागला की जन्माची दुखणी," असं त्या ठासून सांगत. आमची घरं कौलांची. खिडकी लावली तरी कौलांच्या फटीतून आभाळ दिसायचं. तो बंदोबस्त किती खरा आणि किती नावाचा, याचा विचार करायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत त्यांची स्वतःची उमा इंग्लंडमध्ये बाळंत झाली, तीन आठवडे आधीच. वहिनींचं तिकीट फेब्रुवारी अखेरचं. जगाची बाळंतपणं केली आणि पोटची पोरगी तिकडे एकटी, म्हणून त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. जावई श्यामकांत भला माणूस, पण त्याला धड लंगोट बांधता येईना.

कॉलनीत फोन आमच्याकडे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी दीडच्या सुमाराला उमाचा फोन आला. तिकडे सकाळचे आठ. वहिनींना बोलावलं. उमा एवढ्या मोठ्याने बोलत होती की मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, वीतभर बर्फ पडलाय. रात्रीपासून लाइट नाही, हीटर बंद. हे काल ऑफिसला गेले ते लंडनमध्येच अडकलेत. गाड्याच बंद आहेत."

"एवढ्याशा बर्फाने?"

"इथे दर वर्षी असा पडत नाही गं. कुणाची तयारीच नसते. रस्त्यावर टाकायला मीठसुद्धा पुरत नाहीये."

"दीडशे वर्षं आमच्यावर राज्य केलं, आणि वीतभर बर्फाने हातपाय गाळले!" वहिनी म्हणाल्या. मी खो-खो हसले.

मग उमा म्हणाली, "आई, बाळाचे पाय गार पडलेत." वहिनींचा चेहरा बदलला. कोळसा आहे का, त्यांनी विचारलं. होता. आधीच्या भाडेकरूंनी अंगणात मांस भाजायला आणलेली पिशवी मागच्या शेडमध्ये पडून होती.

"लोखंडी ट्रेमध्ये पेटव. निखारे फुलले की खोलीत घे. दार लाव, दाराखाली टॉवेल कोंब. फट म्हणून ठेवू नकोस."

"आणि खिडकीवर जाड ब्लँकेट टाक म्हणावं," मी म्हटलं. हे मी म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं.

वहिनींचे यजमान, शशिकांतभावोजी, केमिकल कंपनीत होते. टाकी साफ करायला माणूस आत उतरवण्याआधी आतली हवा तपासायची, हे त्यांचं काम. चार वाजता ते घरी आले. वहिनींनी चहा दिला आणि आपण सात समुद्रापलीकडे शेक कसा दिला, ते कौतुकाने सांगितलं. मीही तिथे ओट्यावर होते.

भावोजींनी कप खाली ठेवला. "खिडकी उघडी ठेवायला सांगितलंस ना?"

"काहीतरीच काय! बाहेर बर्फ आहे."

"मालू, ती घरं आपल्यासारखी नसतात. मुंगी शिरायला फट नसते तिथे. कोळशातून वायू निघतो, त्याला वास नसतो. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही." बोलता बोलता ते चपला घालत होते.

आमच्या फोनवरून परदेशी लागत नसे. रिक्षा करून तिघं स्टेशनजवळच्या बूथवर गेलो. बूथवाला उल्हासनगरचा सिंधी. त्याने नंबर फिरवला. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. पुन्हा फिरवला. "साईं, बेल तो जा रही है," एवढंच तो म्हणत राहिला. उमाच्या शेजाऱ्यांचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. पाऊण तास असा गेला. मला त्या रिंगचा अजूनही राग येतो.

पाच वाजून गेल्यावर कुणीतरी उचललं.

"बाबा... डोकं फुटतंय. दोनदा उलटी झाली. बाळ झोपलंय. दुधालाही उठत नाहीये."

"उमा, खिडकी उघड! आत्ताच्या आत्ता!"

"आई म्हणाली वारा लागू द्यायचा नाही." जीभ जड झालेली. "तुम्हाला नाही कळत यातलं. मी झोपते जरा."

भावोजी ओरडले, "उमा! उमा!" मग रिसीव्हर त्यांनी वहिनींच्या कानाला लावला. "तू सांग. ती तुझंच ऐकेल."

वहिनी देवाचा धावा करायला लागल्या. मी त्यांना दंड धरून हलवलं.

"उमे, मी बोलतेय. खिडकी उघड. बाळाला वाऱ्यात धर."

"बर्फ आहे ना गं आई..."

"माझं चुकलं. सगळं चुकीचं सांगितलं मी. उठ! घे त्याला बाहेर!"

पलीकडे रिसीव्हर आपटला. काहीतरी ढकलल्याचा आवाज. खिडकी गोठून बसली होती, हे नंतर कळलं. मग काच फुटली. त्यानंतर बराच वेळ फक्त वारा ऐकू येत होता. आम्ही तिघं एका रिसीव्हरला कान लावून उभे होतो आणि बूथवाल्याने रांगेतल्या गिऱ्हाइकांना हाताने गप्प केलं. शेवटी एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. रडणं नव्हतं ते. पण बाळाचा होता.

सावरल्यावर उमाने बोलावलेल्या ॲम्ब्युलन्सला पोचायला तीन तास लागले. त्या देशाला बर्फाची सवय नव्हती आणि आम्हाला त्यांच्या बंद घरांची. दोघं वाचली, मायही आणि लेकरूही.

वहिनींनी त्यानंतर एकही बाळंतपण केलं नाही. गुडघे धरलेत, असं सांगायच्या. परदेशी नातू झाल्यापासून बाईला शिंगं फुटली, असंही लोक बोलले. मी कुणाला काही सांगितलं नाही.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात उमा मुलाला घेऊन आली. केदार पाच वर्षांचा होत आलेला. बोलत नव्हता. डावा पाय किंचित ओढायचा. आधी जन्मला म्हणून असेल, दुसरंही काही असेल, नक्की सांगता येत नाही, असं तिकडचे डॉक्टर म्हणायचे. उमाने आईला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

एका दुपारी उमा झोपली होती. ओट्यावर केदार चमचे ओळीने मांडत बसला होता. वहिनी बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग भावोजींना म्हणाल्या, "त्या दिवसामुळेच का हो?"

"छे! त्याचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

वहिनींनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. भावोजी माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. अगदी हळू म्हणाले, "कुमुदताई, नक्की काय ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तिला मी दुसरं काय सांगू?"

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला नाही. वहिनींचा आला.

"मला ऐकू आलं."