पॅनेलवरचा फोटो

"ड्राइव्ह परत ट्रिप झाला!" सरपंच फोनवर खेकसले. "मशिन हाय का खेळनं?"

ड्राइव्हची सर्व्हिस हेच माझं काम. नगरहून निघालो. प्रवरेकाठच्या त्या गावात नळ कोरडे होते आणि सगळं खापर लताबाईंवर फुटत होतं. लताबाई पंप ऑपरेटर. आधी त्यांचे मालक ते काम करायचे. मागच्या उन्हाळ्यात पंप हाऊसमध्येच छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या जागी बाईंना घेतलं, तेही तात्पुरतं. सरपंचांना तिथं स्वतःचा भाचा बसवायचा होता. हे मला फाट्यावरच्या चहावाल्यानंसुद्धा सांगितलं.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा. काम करताना तो तापतो. पॅनेलचा पंखा खालच्या फिल्टरमधून गार हवा घेतो आणि दाराच्या वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. ते बिघडलं, की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडतो.

"बाईमानसाच्या हाती मशिन दिल्यावर दुसरं काय व्हनार?" सरपंच माझ्या मानेवरच उभे होते.

"जरा सरका हो, उजेड अडतोय," मी म्हणालो. असल्या बडबडीनं माझं डोकं फिरतं.

मोटरचा करंट बघितला. नॉर्मल. पंखा फिरत होता. फिल्टर काढला आणि चाटच पडलो. इतका स्वच्छ फिल्टर मी कुठल्याच गावात बघितला नव्हता.

"रोज धुते," लताबाई म्हणाल्या. "मालकांनी तसंच शिकवलं हुतं."

पॅनेलचं दार उघडं ठेवून पंप चालवला. ड्राइव्ह गार. दार लावलं, की तापमान चढायला लागलं. म्हणजे गरम हवा बाहेर पडत नव्हती. मी दाराच्या वरच्या जाळीकडे हात नेला. हाताला काच लागली.

जाळीला सुतळीनं फोटोफ्रेम बांधली होती. हार घातलेली. आतापर्यंत माझ्या नाकासमोर होती.

"मालक ह्याच डब्यासमोर बसायचे," बाई हळूच म्हणाल्या. "भिंतीत वल हाय, खिळा ठरत न्हाई. म्हनून हितं बांधला. चुकलं का साहेब?"

गाठ सुटेना. मी कटरनं सुतळी कापली. बाईंनी फ्रेम पदरात गुंडाळली. दार लावून पंप चालवला. ड्राइव्ह गार राहिला.

"बघा! हिनंच बिघडवलं," सरपंच म्हणाले.

"बिघडलं काहीच नाही. फोटो काढला, विषय संपला. फिल्टर बघा, असं कोण सांभाळतं?"

"फिल्टर काय, कुनीबी धुतंय. वैनी, किल्ली द्या."

लताबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली. मला फार वाईट वाटलं. कारण सरपंचांना निमित्त मीच शोधून दिलं होतं.

पावसाळा संपला आणि परत फोन आला. ड्राइव्ह तापतोय. गेलो. फिल्टरवर मातीचा थर, हवा जायला वाट नाही. भाचा खुर्चीत मोबाईल बघत होता.

"फिल्टर कधी धुतला?"

"त्यो धुवायचा असतो व्हय?"

लताबाई कुठे आहेत विचारलं. कांद्याच्या रोपाला रोजानं जातात म्हणाला.

फिल्टर मीच धुतला. दार लावलं. वरच्या जाळीला कापलेल्या सुतळीची गाठ तशीच होती. ती मी राहू दिली. तेवढ्यानं हवा अडत नाही.