मॉसी क्विग्लीला सगळं दिसतं

मॉसी क्विग्लीने तुमचा हात हातात घेतला की तो लवकर परत मिळत नाही. दोन्ही पंजांत धरून, मान जराशी तिरकी करून तो विचारतो, "कुठला रे तू? तुझी माणसं कोण?" गाव, आईचं माहेर, वडिलांचा धंदा, एवढं सांगून झाल्याशिवाय सुटका नाही. आयर्लंडमध्ये हा प्रश्न तसा सगळेच विचारतात. आपल्याकडे आडनाव ऐकलं की "मूळचे कुठले?" येतंच, तसा. फरक इतकाच की मॉसी उत्तर विसरत नाही. वर्षाने भेटलात तरी तुमच्या नुसत्या "हॅलो"वर म्हणेल, "काय, वडिलांचा गुडघा कसा आहे?"

मॉसी जन्मापासून आंधळा आहे आणि दाढी फुटायच्या आधीपासून कंट्री गाणी गातो आहे. इथल्या गावागावांना या गाण्यांचं वेड. एक गिटार, एक अकॉर्डियन, सोडून गेलेली प्रेयसी, बोटीवर बसून परदेशी गेलेला भाऊ, आणि या सगळ्या दुःखावर हॉलभर सत्तरीची जोडपी गिरक्या घेत नाचत असतात. गाणं जितकं रडकं, तितका नाच जोरात. मॉसी वयाने माझ्या वडिलांएवढा. पण इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, म्हणून मीही एकेरीवरच आहे. आईला हे अजून पटलेलं नाही.

मला त्याच्याकडे नेलं ब्रीडाने. ब्रीडा म्हणजे पोर्टलीश या आमच्या गावातली शेजारीण, निवृत्त नर्स आणि मॉसीच्या भक्तमंडळाची स्वयंघोषित अध्यक्ष. तिच्या खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं, गाडी चालवायची बंदी आली, आणि तिने कुंपणावरून फर्मान काढलं, "रविवारी दुपारी मॉसीचं गाणं असतं, आणि तू मोकळा असतोस." हा प्रश्न नव्हता.

पहिल्याच भेटीत मी माझी हुशारी दाखवली. आंधळ्या माणसाशी कसं बोलावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी प्रत्येक शब्द सुटा करून, मोठ्ठ्याने म्हणालो, "मॉसी! मी! इंडियाचा! इंजिनियर!"

तो शांतपणे म्हणाला, "मी आंधळा आहे. बहिरा नाही. पण तू असाच बोलत राहिलास तर संध्याकाळपर्यंत तेही होईन."

तिथे थांबलो असतो तर मी कसला? मी फोन काढला, त्याच्या खांद्याला खांदा लावला आणि म्हणालो, "जरा इकडे बघा." त्याने निमूटपणे बरोबर उलट्या दिशेला तोंड केलं आणि छानसं हसला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मॉसीची मान आणि माझं लाजलेलं तोंड आहे. "मी तुझ्यापेक्षा बरा दिसतोय ना?" त्याने विचारलं. ब्रीडा म्हणाली, "खूपच." "मग बास." त्या दिवसापासून माझं नाव 'इंजिनियर' पडलं, आणि ते आदराने घेतलं जात नाही.

त्याच्या भक्त बायकांविषयी काय सांगू! कुणी ॲपल टार्ट आणते, कुणी ब्राउन ब्रेड. स्वेटर तर इतके विणून झालेत की मॉसीने दर रविवारी नवा घातला तरी मरेपर्यंत पुरतील. "हा निळा आहे, मॉसी, तुला खुलून दिसतो," असं सांगितलं की तो बाहीवरून हात फिरवून म्हणतो, "आहेच मुळी निळा." एकदा तो राखाडी होता. बायकांची खरी चढाओढ मॉसी कोणाला किती लांबून ओळखतो यावर. ब्रीडाचा दावा असा की तो तिला पार्किंगमधल्या पावलांवरून ओळखतो. ऑपरेशननंतर तिची चाल बदलली, तेव्हा शस्त्रक्रियेपेक्षा तिला काळजी त्याची होती. पहिल्या दिवशी ती दारातून आत आली आणि मॉसी स्टेजवरून म्हणाला, "ब्रीडा, नवा सांधा जुन्यापेक्षा तालात आहे." आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

त्याचं बोलणंही सगळं डोळसांचं. "मागच्या वेळी दिसला नाहीस." "आज फारच सुंदर दिसतेस, मेरी." "तो ड्रमर बघ कसा पेंगतोय." हॉलचा त्याला विशेष अभिमान. म्हणायचा, "मला हॉल दिसतो. नाचणाऱ्यांचे पाय दिसतात. टाळ्या तर लख्ख दिसतात. मनापासूनच्या टाळ्या एकदम फुटतात. दयेच्या टाळ्या मऊ असतात, आणि संपता संपत नाहीत."

आई तीन महिन्यांसाठी कराडहून आली तेव्हा तिलाही घेऊन गेलो. तिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. पहिल्या गाण्याला ती मांडीवर ताल धरून बसली. मी अर्थ सांगायला वाकलो तर म्हणाली, "तू गप रं. गळा कळतोय की मला." नंतर मॉसीने तिचा हात धरून नेहमीचा प्रश्न विचारला आणि आईने आमचं सबंध खानदान, भाऊबंदकीसकट, मराठीत सांगितलं. मी भाषांतर करता करता दमलो. पुढच्या रविवारी ती नुसती खोकली, तर स्टेजवरून आवाज आला, "कराड! या, या, बसा!" झालं. ब्रीडाच्या मंडळात आणखी एक सभासद.

त्या हिवाळ्यात मॉसीला न्युमोनिया झाला. बरा होऊन आला, पण आवाज सुताएवढा बारीक झाला होता. वरच्या सुरावर तो जरासा थांबायचा, जिन्यात माणूस दम खायला थांबतो तसा. एक दिवस ब्रीडा कुंपणाशी आली. नेहमीची बडबड नव्हती.

"पोर्टलीशच्या हॉलमध्ये एकदा गाऊन बघणार म्हणतोय. हॉल दणाणला तर पुढे गाणार. मऊ टाळ्या पडल्या, तर त्याच दिवशी गिटार खाली ठेवणार."

"मऊ कशाला पडतील?"

"अरे, सगळ्यांना त्याची दया येतेय ना! हात आपोआप मऊ पडतील."

आता अशा वेळी इंजिनियर गप्प बसेल का? टाळ्यांचा धोका आहे ना, मग टाळ्याच नकोत! मी त्याच रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर योजना टाकली: शेवटचं गाणं संपताच हॉलचे पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, सगळ्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून हात उंच धरायचा. मिनिटभर कुणीही हूं की चूं करायचं नाही. शेवटचं वाक्य माझं खास होतं: "ते दृश्य बघून मॉसीला भरून येईल."

सगळ्यांनी बदाम पाठवले. ब्रीडाने तीन. अकॉर्डियनवाल्याने विचारलं, "बँडनेही गप्प बसायचं का?" मी लिहिलं, "अर्थात." पार्किंगमध्ये आम्ही रंगीत तालीमसुद्धा केली. वर्षानुवर्षं त्याच्या मागे फिरणारी शहाणीसुरती माणसं, त्यांत एक नर्स, एक मास्तर, एक पाद्री, पण एकालाही शंका आली नाही. मॉसीने आमचं असं करून ठेवलं होतं.

रविवारी हॉल खच्चून भरला. मॉसी गायला. आवाज बारीकच होता, पण त्याने तो असा काही जपून, वळणं घेत वापरला की नाचणारी जोडपी थांबून ऐकू लागली. शेवटचं गाणं संपलं. पडदे ओढले गेले. दिवे गेले. आणि शेकडो टॉर्च वर झाले. मी वर गॅलरीत शूटिंग करत होतो. काय दृश्य होतं! माझ्या कल्पकतेने माझेच डोळे भरून आले.

मग फोनच्या पडद्यावर मला मॉसीचा चेहरा दिसला.

तो वाट बघत होता. मान नेहमीसारखी तिरकी. हॉल भरलेला आहे हे त्याला कळत होतं, माणसांचे श्वास ऐकू येत होते. माणसं होती, आणि एक हात वाजत नव्हता. त्याच्या तोंडावरचं हसू थोडं थोडं करून उतरलं. तो माइकमध्ये हळूच म्हणाला, "ग्रँड. ठीक आहे. कळलं मला." आणि गळ्यातला गिटारचा पट्टा काढू लागला.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी कठड्यावरून वाकून ब्रीडाला हातवारे केले, पण अंधारात वर बघतंय कोण! खाली ब्रीडा टॉर्च धरून पुतळ्यासारखी. शिस्त म्हणजे शिस्त!

आईला टॉर्च लावता येत नव्हता, त्यामुळे ती या दीपोत्सवातून बाहेर होती. मिनिट संपायच्या आत तिचा धीर संपला. "आरं, गप का समदी? मयत झालंय व्हय कुणाचं?" असं म्हणून ती उभी राहिली, आणि साताऱ्याकडच्या संगीत नाटकांच्या तंबूत शेवटच्या रांगेतून देतात तशी तिने हाळी दिली, "वन्स मोऽऽऽर!"

मॉसीचा हात पट्ट्यावर थांबला.

मी टाळ्या वाजवायला हात उघडले. हातात फोन होता, तो गॅलरीतून थेट खाली चहाच्या टेबलावरच्या क्रीम केकमध्ये. त्या आवाजाने हॉल जागा झाला. पण सगळ्यांच्या हातांत फोन! टाळ्या वाजवणार कशाने? मग ती सगळी म्हातारी माणसं पायच आपटायला लागली. लाकडी जमीन अशी गरजली की कपबशा नाचल्या. त्यात मऊ असं काहीही नव्हतं.

"काय चाललंय काय?" मॉसी ओरडला.

ब्रीडाने माइक ओढला. ती रडत होती आणि हसतही होती. "मॉसी, आम्ही तुला... दिवे दाखवत होतो."

"दिवे?" तो म्हणाला. "मला?"

आणि मग तो जो हसत सुटला, की अकॉर्डियनवाल्याला धरून उभा राहिला. "ही कुणाची आयडिया?"

ज्यांनी ज्यांनी मला बदाम पाठवले होते, ते सगळे एका सुरात ओरडले, "इंजिनियर!"

"वाटलंच. कुणी त्याला बहिऱ्यांच्या शाळेत बँड घेऊन पाठवा रे." मग डोळे पुसून म्हणाला, "मला दिसत नाही हे एवढी वर्षं तुम्हाला आठवलंच नाही, नाही का? बरं झालं." आणि मान वळवून, "कराड! पुन्हा गायचं म्हणता. किती वेळा ते तरी विचार रे त्यांना."

मी वरून ओरडून विचारलं. आई म्हणाली, "सांग त्येंला, मी पुरे म्हणेस्तवर."

ते गाणं त्या दुपारी चार वेळा झालं.

आई कराडला परत गेली. पुरे म्हणायचं राहून गेलं. मॉसी गातोच आहे. दर रविवारी सुरुवातीला स्टेजवरून विचारतो, "इंजिनियर, कराडहून काही निरोप?" मी नाही म्हणतो. "मग काय, गावं लागणार," असं पुटपुटत तो गिटार लावतो आणि हॉल हसतो. परवा वरचा सूर जरा जास्तच थांबला, म्हणून घरी येऊन मी आईला फोन केला. म्हटलं, "आता म्हणतेस का पुरे? थकलाय गं तो."

तिने आधी त्याची तब्येत विचारली. मग म्हणाली, "आरं, आत्ताशी कुठं त्येंचा गळा तापलाय."